अंगठीने मोजमाप स्वीकारले, हुकूम अजून दूरच

म्हैसूर शहराच्या वायव्येला, येलवालपासून काही किलोमीटरवर असलेल्या इन्फोसिसच्या संकुलात नोव्हेंबर २००९ मध्ये 'टेड इंडिया' परिषद भरली होती. या परिषदेत प्रणव मिस्त्री या तरुण संशोधकाने 'सिक्स्थ सेन्स' हे उपकरण सादर केले. बोटांच्या टोकांना रंगीत टोपणे आणि गळ्यात कॅमेरा व छोटा प्रोजेक्टर, एवढीच त्याची सामग्री होती. दोन्ही हातांच्या बोटांनी चौकट केली की छायाचित्र निघत असे. मनगटावर बोटाने वर्तुळ काढले की तेथे घड्याळ उमटत असे. उपकरणाची संगणकीय संहिता सर्वांसाठी खुली करण्याचा मनोदयही त्याच व्यासपीठावरून जाहीर झाला होता.

बोटावर काहीतरी धारण करून इतर यंत्रांना हुकूम देण्याची ही कल्पना त्यानंतर अनेकांनी उचलली. आज स्मार्ट अंगठ्या बाजारात सर्रास मिळतात. मात्र त्या झोप, हृदयाचे ठोके व शरीराचे तापमान मोजतात. दिवा लावणे, पंखा मंद करणे, दूरचित्रवाणीची वाहिनी बदलणे ही कामे त्यांच्याकडून क्वचितच होतात. मूळ हेतू मागे पडून अंगठी आरोग्याची नोंदवही का झाली, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

मिस्त्री यांनी पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिक्षण घेतले व पुढे अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये संशोधन केले. २०१२ मध्ये ते सॅमसंगमध्ये दाखल झाले आणि पुढील वर्षी कंपनीचे 'गॅलेक्सी गिअर' हे घड्याळ जगापुढे आणण्यात त्यांचा प्रमुख सहभाग होता. बोटाचा विचार मनगटावर सरकला, तो असा.

दुसरा भारतीय प्रयत्न कोचीतून झाला. रोहिलदेव एन. आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०१४ मध्ये 'फिन' या अंगठीसाठी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली. दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. ही अंगठी अंगठ्यात घालायची आणि अंगठा इतर बोटांच्या पेरांवर टेकवायचा, म्हणजे प्रत्येक पेर ही एक कळ होईल, अशी योजना होती. चार बोटांची बारा पेरे धरून जप मोजणाऱ्या समाजाला ती समजावून सांगण्याची गरज नव्हती. प्रत्यक्ष बाजारात मात्र 'नेय्या' या नव्या नावाने जी अंगठी आली, तिच्यावर स्पर्श ओळखणारा एक लहानसा पृष्ठभाग होता. पेरांचा कळफलक त्या वाटचालीत गळून पडला. त्याच वर्षी जपानच्या लॉगबार कंपनीने हवेत बोटाने आकृती काढून हुकूम देणारी अंगठी आणली. वर्गणीदारांचा प्रतिसाद मोठा असला तरी तिचा बोजड आकार व खुणा ओळखण्यातील चुका यांबद्दल टीकाच अधिक झाली.

या चुकांचे मूळ हाताच्या स्वभावात आहे. हात दिवसभर काही ना काही करीत असतो आणि त्यातील कोणती हालचाल हुकूम समजायची, हे यंत्राला ठरवावे लागते. कणीक मळताना, भाताचा घास कालवताना किंवा बसचा दांडा धरताना अंगठीने फोन लावला, तर ती दुसऱ्या दिवशी कपाटात जाते. अभिकल्पकाने खबरदारी म्हणून खूण अवघड केली, तर वापरणारा कंटाळतो. हात सतत हवेत उचलावा लागला तर खांदा भरून येतो, हा अनुभव तर जुनाच.

विजेचे गणितही कठीण आहे. आजच्या फोनमध्ये पाच हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सामान्य मानली जाते. अंगठीत ती वीसच्या आसपास असते, तीही वक्र. शिवाय बोटांची मापे वेगवेगळी असल्याने प्रत्येक मापासाठी कवच व बॅटरी यांची जुळणी करावी लागते. घड्याळाचा पट्टा सैल करता येतो, अंगठी नाही. ठोके काही मिनिटांच्या अंतराने मोजले तरी चालतात. हुकुमासाठी मात्र अंगठीला सदैव जागे राहावे लागते.

तरीही या अडचणी काळाच्या ओघात सुटण्यासारख्या आहेत. खरी अडवणूक परवानगीची आहे. शरीराचे मोजमाप घेण्यास दुसऱ्या यंत्राची संमती लागत नाही, हुकूम देण्यास लागते. ब्लूटूथच्या प्रचलित पद्धतीनुसार अंगठी स्वतःला कळफलक किंवा माउस म्हणून फोनला जोडू शकते. त्यापलीकडे फोननिर्मात्याची मर्जी चालते. सॅमसंगने २०२४ मध्ये आणलेल्या 'गॅलेक्सी रिंग'मध्ये दोन बोटे दोनदा जुळवून छायाचित्र टिपण्याची सोय आहे, पण ती त्याच कंपनीच्या फोनपुरती. घरातील उपकरणांसाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये 'मॅटर' हे सामाईक मानक प्रसिद्ध झाले, परंतु भारतीय घरांतील अनेक दूरचित्रवाणी संच व वातानुकूलन यंत्रे अद्याप इन्फ्रारेड रिमोटवर चालतात. ते किरण पुरेशा जोराने सोडणे अंगठीच्या इवल्या बॅटरीला जड जाते. त्यामुळे भिंतीजवळ आणखी एक मध्यस्थ पेटी ठेवावी लागते.

त्यात आता पेटंटची भर पडली आहे. फिनलंडच्या ओरा कंपनीच्या तक्रारीवरून अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळुरूच्या अल्ट्राह्यूमनविरुद्ध निर्णय दिला आणि पेटंटचा भंग करणाऱ्या अंगठ्यांच्या आयातीवर २१ ऑक्टोबरपासून बंदी लागू झाली. वाद आतील व बाहेरील कवचांमध्ये वक्र बॅटरी व सर्किट बसविण्याच्या रचनेचा होता. हुकूम देणारी अंगठी बनवू पाहणाऱ्यालाही हीच जागा, हीच बॅटरी वापरावी लागणार असल्याने हा निर्णय केवळ आरोग्य-अंगठ्यांपुरता मानता येणार नाही. आयोगाचा आदेश अमेरिकेतील आयातीपुरता आहे. भारतातील विक्रीला तो लागू होत नाही.

मोठ्या कंपन्या दरम्यान बोट टाळूनच पुढे जात आहेत. मेटाने सप्टेंबर २०२५ मध्ये चष्म्यासोबत आणलेला पट्टा मनगटावर बसतो आणि स्नायूंना मिळणारे विद्युत संकेत वाचून बोटांची हालचाल ओळखतो. ॲपलने २०२१ मध्ये बोटांची चिमूट करून घड्याळ चालविण्याची सोय आणली, ती प्रथम एकच हात वापरू शकणाऱ्या व्यक्तींसाठी. २०२३ मध्ये त्याच धर्तीची सोय सर्वांसाठी आली. अपंगांसाठी केलेली रचना पुढे सर्वांच्या कामी येते, याचे हे ताजे उदाहरण. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्येच बोटावर कॅमेरा बसवून छापील ओळ वाचून दाखविणारी अंगठी दृष्टिहीनांसाठी तयार झाली होती. ज्याला भिंतीवरील बटणापर्यंत पोहोचता येत नाही किंवा रिमोटवरील अक्षरे दिसत नाहीत, त्याला छायाचित्र टिपणारी चिमूट उपयोगाची नाही. त्याला पंखा, दिवा आणि मदतीची घंटा एवढ्या तीनच कळा पुरेशा आहेत. तीन हुकुमांची अंगठी आजच्या सुट्या भागांतूनही बनविता येते. पंख्याच्या निर्मात्याने तिचा हुकूम स्वीकारण्याची तयारी दाखवावी लागेल.