माहिती कोणी दिली?

मनोविकार विभागात नवा केस पेपर उघडला की नाव, वय, शिक्षण, पत्ता यांच्यापाठोपाठ एक रकाना येतो: इन्फॉर्मंट. म्हणजे माहिती देणारी व्यक्ती. तिचे रुग्णाशी नाते काय, आणि तिने दिलेली माहिती विश्वासार्ह व पुरेशी वाटते का, हेही तिथेच लिहायचे असते. क्लिनिकल सायकॉलॉजी शिकायला रुग्णालयात आलेल्या विद्यार्थिनीला अगदी सुरुवातीला हेच शिकवले जाते. बाईच्या बाबतीत या एका रकान्यावर फार काही अवलंबून असते असे माझे मत आहे, आणि आपण चळवळीतल्या बायकांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

आधी या शिक्षणाविषयी थोडे सांगते. मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर रुग्णालयात दोन वर्षे पूर्णवेळ प्रशिक्षण घ्यायचे आणि मग भारतीय पुनर्वास परिषदेकडे नाव नोंदवायचे, या वाटेने आमच्यातल्या बहुतेक जणी आल्या. ही परिषद १९९२ च्या कायद्याने स्थापन झाली. सकाळी ओपीडी, मग वॉर्डातला राउंड, दुपारी चाचण्या आणि रात्री केस लिहून काढणे, असा दिवस असतो. मी ती दोन वर्षे एका सरकारी रुग्णालयात काढली. आता नव्या मुलींना शिकवते.

ओपीडीत बाई क्वचितच एकटी येते. सोबत नवरा असतो, सासू असते, कधी दीर, कधी भाऊ. एकाच टेबलाभोवती दोन-तीन रुग्णांची चौकशी चाललेली असते. बाई खाली मान घालून बसलेली, आणि बोलणारे दुसरेच. ‘काम टाळते, उलट उत्तरं देते, रात्रभर जागी असते, न सांगता माहेरी निघून जाते.’ हे इंग्रजीत उतरवताना उलट उत्तरांची ‘चिडचिड’ होते आणि माहेरी जाण्याची ‘घरातून निघून जाण्याची प्रवृत्ती’. पुढचा रकाना आजारापूर्वीच्या स्वभावाचा. सासू सांगते, ‘आधी गुणाची होती हो, वर तोंड करून बघत नव्हती.’ पेपरवर येते: पूर्वीचे समायोजन चांगले. शेवटी शेरा: माहिती विश्वासार्ह व पुरेशी. बाईच्या तोंडून अजून एक वाक्यही आलेले नसते.

मला सगळ्या नातेवाइकांना खोटे ठरवायचे नाही. भ्रम आणि भास तीव्र असताना रुग्णाला आपली हकीकत नीट सांगता येत नाही. जेवण कधी तुटले, किती रात्री झोप नाही, हे घरचेच सांगू शकतात. औषधपाणी, दवाखान्याचे खेटे, बुडालेली रोजी, हे सारे तेच सोसतात. पण ज्या घरात बाईला मारहाण होते, तिथे माहिती देणारा त्या प्रकरणातला पक्षकारही असतो. मग कोणाचे आधी ऐकले आणि कोणासमोर ऐकले, यावर निदानसुद्धा बदलू शकते. आम्हाला रोर्शाकचे शाईचे डाग वाचायला कित्येक तास शिकवले. ‘घरी कोणी हात उचलतं का?’ हे बाईला कसे विचारायचे, यासाठी माझ्या दोन वर्षांत एकही तास नव्हता.

दातखिळी बसणाऱ्या, झटके येऊन पडणाऱ्या बायका आमच्याकडे नेहमीच्या. तपासण्यांत काही सापडले नाही की त्यांना मनोविकार विभागात पाठवतात. पूर्वी याला हिस्टेरिया म्हणत, आता डिसोसिएटिव्ह किंवा कन्व्हर्जन विकार म्हणतात. विद्यार्थिनीने इथे ‘सेकंडरी गेन’ शोधायचा, म्हणजे आजारपणामुळे रुग्णाच्या पदरात पडणारा फायदा. आणि घरच्यांना सांगायचे की झटका आला तर फार लक्ष देऊ नका. अशाच एका बाईला, नवरा चहाला गेला तेव्हा, मी विचारले की झटका आल्यावर घरी काय होते? ती म्हणाली, ‘ताई, तेवढा दिवस कुणी अंगाला हात लावत नाही.’ मार न बसणे हा तिचा फायदा! तिच्या घरच्यांना ‘दुर्लक्ष करा’ असा सल्ला देणे म्हणजे तिचा उरलासुरला आडोसाही काढून घेणे आहे.

शिवाय केस पेपर कपाटात पडून राहतोच असे नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. नुसता स्किझोफ्रेनियाचा शिक्का पुरेसा नाही, विकार किती तीव्र आहे हे पाहावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये रामनारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात स्पष्ट केले. तरी ‘मॅडम, तेवढं लिहून द्या’ म्हणत येणारे नवरे आम्हाला भेटतातच. शिकाऊ मुलीने घाईत लिहून घेतलेली हकीकत उद्या कोर्टात बाईच्या विरुद्ध वाचली जाऊ शकते.

बाईऐवजी तिच्या सांभाळकर्त्यांना विचारून निर्णय घेतले की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या, तेव्हा ‘मतिमंद’ म्हटल्या जाणाऱ्या मुलींची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण दिले गेले. स्त्री संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने, वंध्यत्व आणणारा कोणताही उपचार त्या व्यक्तीच्या स्वतःच्या संमतीशिवाय करता येणार नाही, असे बंधन घातले. कायद्याला हे कळायला इतकी वर्षे लागली.

रुग्णालयात वेगळे काही होऊच शकत नाही, असे मात्र नाही. २००० साली मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले. हिंसा सोसणाऱ्या बाईला ओळखायचे कसे आणि तिच्याशी बोलायचे कसे, हे तिथे रुग्णालयाच्याच कर्मचाऱ्यांना शिकवले गेले. मग मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीला ते का शिकवू नये?

यात त्या विद्यार्थिनीची स्वतःची अवस्थाही पाहिली पाहिजे. ती बहुधा पंचविशीच्या आतबाहेरची, वॉर्डाच्या उतरंडीत सगळ्यांत खाली. कित्येक ठिकाणी तिला स्टायपेंड नाही, उलट तीच फी भरते. मी एकदा एका नवऱ्याला बाहेर थांबायला सांगितले तेव्हा वरिष्ठ म्हणाले, ‘नातेवाइकांना दुखवू नका, तेच तिला पुन्हा आणणार आहेत.’ त्यात तथ्य होते, म्हणूनच उत्तर देणे अवघड होते. हे एकट्या विद्यार्थिनीच्या धाडसावर सोडता येणार नाही. तो विभागाचा नियमच असला पाहिजे.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. मोडीत काढल्यापासून आमच्या विषयाचे अभ्यासक्रम नव्याने बांधले जात आहेत. हीच वेळ आहे. प्रत्येक बाईशी आधी, एकटीशी, दार लावलेल्या खोलीत बोलणे झाल्याखेरीज केस पुरी मानू नये. दुसऱ्याने सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीमागे ‘पतीच्या म्हणण्यानुसार’, ‘सासूच्या म्हणण्यानुसार’ असे लिहावे. प्रशिक्षणातले काही आठवडे हिंसाग्रस्त स्त्रियांच्या केंद्रात काढणे सक्तीचे करावे. आणि या मुलींना कामाचा मोबदला मिळावा.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणी शेजारणीला, बहिणीला घेऊन अशा ओपीडीत जातात. गेलात की सांगा, आधी तिचे एकटीचे ऐका, आणि तुम्हीसुद्धा बाहेर थांबा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला आपली मूलभूत वैद्यकीय कागदपत्रे मिळण्याचा हक्क दिला आहे. तिला ती मागायला लावा. इंग्रजी येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्या. आणि तिच्याविषयी जे लिहिले आहे ते कोणी सांगितले, हे तिथल्या डॉक्टरांना विचारा.