हळदीचा जयजयकार पुरे!

1995 साली अमेरिकेने जखमेवरील हळदीच्या उपचाराचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला बहाल केले आणि 1997 च्या ऑगस्टमध्ये आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते रद्द करवून घेतले. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्याचा अभिमान रास्तच आहे. परंतु त्या एका विजयाचे पोवाडे आपण आणखी किती वर्षे गाणार?

ॲलर्जीचेच घ्या. धूळ वा परागकण नाकात शिरताच तेथील मास्ट पेशी हिस्टामिनची उधळण करतात. शिंका, खाज, सूज हे सारे त्यातून येते. ही उधळण रोखणारे क्रोमोग्लायकेट हे औषध इजिप्तमध्ये पूर्वापार वापरात असलेल्या खेल्ला वनस्पतीतील खेलिनवरून घडले. रॉजर अल्टूनयान या दमेकरी डॉक्टराने इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षे स्वतःवर दम्याचा झटका ओढवून घेत एकामागून एक संयुगे हुंगली, तेव्हा कुठे 1965 मध्ये ते गवसले. वनस्पती इजिप्तची, औषध इंग्रजांचे!

आपल्याकडे दमवेल आहे. 1960 च्या दशकात दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. शिवपुरी यांनी दमेकऱ्यांना रोज एक पान, असे सहा दिवस चघळायला दिले. काहींचे तोंड सोलवटले, उमासे आले; पण अनेकांना पुढे कित्येक दिवस आराम पडला. 1979 च्या दुसऱ्या एका चाचणीत मात्र लाभ दिसला नाही. मात्रा चुकली, की पानांतले द्रव्यच निराळे होते? याचा छडा नेटाने लावायला हवा होता. मेकॉलेच्या मानसपुत्रांनी झाडपाला म्हणून नाक मुरडले, हे खरे. पण ‘आमच्या ग्रंथांत सारे आहेच’ असे म्हणून स्वस्थ बसणारे आपले बांधव तरी कमी दोषी कसे? हळदीतील कुर्क्युमिन प्रयोगशाळेत मास्ट पेशींना आवरते, परंतु पोटातून ते रक्तात जेमतेम उतरते, एवढे सांगितले तरी ही मंडळी डोळे वटारतात!

चीनच्या तू यूयू यांनी प्राचीन ग्रंथातील एका ओळीवरून हिवतापावरचे आर्टेमिसिनिन वेगळे काढले, ते आधी स्वतः घेऊन पाहिले आणि 2015 चे नोबेल मिळवले. आपल्याकडे 2014 पासून स्वतंत्र आयुष मंत्रालय आहे. दमवेलीची ती जुनी कागदपत्रे त्याने पुन्हा उघडावीत, पानांतील द्रव्याचे प्रमाण निश्चित करावे, मोठ्या चाचण्या घ्याव्यात आणि निकाल प्रतिकूल आला तरी तो छापावा.