दुकानात न दिसणारा लॅपटॉप

परतवाड्यात मी लॅपटॉप दुरुस्त करतो. गेल्या आठवड्यात एक संत्रा बागायतदार काका पोरीचा लॅपटॉप घेऊन आले. दोन वर्षंही झाली नव्हती, पण बिजागरी निखळलेली. उघडला, तर स्क्रू ज्या बारीक पितळी नटांत बसतात, ते प्लास्टिकमधून मुळासकट उपटून आलेले. शेजारी माझा जुना थिंकपॅड होता, मुंबईच्या ऑफिसातून निघालेला. काकांनी त्याचा स्क्रीन तीन-चारदा उघडमीट करून पाहिला. “भाऊ, असा त आमाले कोनं दाखवलाच नाई.”

खरं आहे. थिंकपॅड १९९२ पासून बाजारात आहे. लॅटिट्यूड, एलिटबुक हे तसलेच ऑफिसचे लॅपटॉपही जुनेच. पण ही यंत्रं कंपन्या कोटेशन मागवून ठोकानं घेतात. आमच्याकडच्या काउंटरवर ती क्वचितच येतात, दिवाळीच्या ऑफरमध्ये तर नाहीतच. शिवाय तेवढ्याच पैशात चकचकीत मॉडेलमध्ये ग्राफिक्स कार्ड मिळतं. गिऱ्हाईक रॅम विचारतं, हप्ता विचारतं. बिजागरी कुणी विचारत नाही. ऑफिससाठीच्या बऱ्याच मॉडेलांत कीबोर्डवर सांडलेलं पाणी निचरायला वाट ठेवलेली असते, तेही कुणी सांगत नाही.

मला हे फार खटकतं. ऑफिसातल्या माणसाचा लॅपटॉप बिघडला तर कंपनी दुसरा देते. इंजिनिअरिंगच्या पोरीला एकच लॅपटॉप चार वर्षं पुरवायचा असतो, तोही एसटीत मांडीवर बॅग धरून. मजबूत यंत्र तिला जास्त हवं. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांनी तालुक्याच्या दुकानात निदान एक तरी असा लॅपटॉप हात लावून पाहायला ठेवावा.

काकांना मी सेकंडहँड थिंकपॅडच सुचवला. बॅटरी नवी टाकून देणार आहे.