जीवाणी कुठे हरवली?



माझ्या सासूबाई विहिरीचं पाणी दुहेरी कापडाच्या गाळण्यातून गाळायच्या. पण काम तिथे संपत नसे. गाळणं उलटं करून, त्यावर गाळलेलं पाणी ओतून, अडकलेले जीव त्याच विहिरीत अलगद सोडायच्या. हीच जीवाणी. आता घरोघरी फिल्टर आला. गाळणं राहिलं, जीवाणी गेली.

परवा नातीनं गावच्या मामा तलावातलं थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. हिरव्या सूक्ष्म वनस्पती आणि त्यांच्यावर जगणारे इवले सायक्लॉप्स! ते माशांची पिल्लं खातात, पिल्लांना बगळे. ती म्हणाली, "आजी, हे तर एकमेकांना खातातच. मग आपण वाचवून काय उपयोग?"

मी कॉमर्सची, हिशोबानंच उत्तर दिलं. एका पायरीवरची ऊर्जा पुढच्या पायरीवर साधारण दहावा हिस्साच पोचते. हिरव्या वनस्पतींकडे शंभर रुपये, तर सायक्लॉप्सकडे दहा, पिल्लाकडे एक, बगळ्याकडे दहा पैसे. समुद्रातही हाच हिशोब. पृथ्वीवर तयार होणारा जवळजवळ निम्मा प्राणवायू समुद्रातल्या अशाच सूक्ष्म जीवांकडून येतो. सगळ्यांचं भांडवल तेच. कोणी कोणाला खावं हा निसर्गाचा व्यवहार. भांडवल बुडवणं मात्र आपलं कर्म.

आणि ते आपण बुडवतो आहोत. सांडपाण्यातली द्रव्यं खतासारखी काम करतात. शेवाळ माजतं, मरून कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेला, गोसेखुर्दच्या जलाशयात येतं. पुढे प्राणहिता आणि गोदावरीतून तेच पाणी बंगालच्या उपसागरापर्यंत जातं. आपल्या ढीवर बांधवांची चूल याच पाण्यावर पेटते.

नागपूरला नावं ठेवणं सोपं आहे. पण आमच्याच मोरीची नाली तलावात उतरते, हे मला इतकी वर्षं दिसलं नाही. चातुर्मासात पालेभाजी सोडणारी मी, रोज साबणाचं पाणी तिकडे सोडत होते!

माझं मत स्पष्ट आहे. पाणी गाळून पिणं अर्धंच व्रत. जीव जिथले तिथे जगू देणं हे उरलेलं अर्धं. या दिवाळीआधी आम्ही परसात शोषखड्डा करतो आहोत, साबणही कमी केला आहे. तुमच्या मोरीचं पाणी कुठे जातं, एकदा चालत जाऊन बघा.