गहूं वर्ज्य असलेल्यांची भाकरी

शरद ऋतूंत सणावारीं घरोघर पोळ्या व करंज्या होतात. परंतु ज्यास सीलिॲक विकार जडला, त्यास गव्हाचा घांसही बाधतो. गव्हांतील ग्लुटेन नामक चिकट द्रव्यामुळें त्याच्या लहान आंतड्यास इजा होते. उपाय एकच : गहूं व जव आजन्म वर्ज्य करणें. निरोग्यानें मात्र गहूं टाकण्याचें कारण नाहीं.

अशा रोग्यासाठीं आमच्या भोकर भागांत महागडीं पाकिटें कशास हवींत? ज्वारींत ग्लुटेन नाहीं. म्हणूनच आधणाच्या पाण्यानें पीठ न मळल्यास भाकरी चिरते. सणास दुधांत मळून दशम्या भाजाव्या. धपाट्यांत कणीक मिसळूं नये. गव्हामागोमाग त्याच चक्कीवर दळण घालूं नये. उरलेलें थोडें पीठही अपाय करतें. त्याहून घरचें निराळें जातें बरें.

पीकपाहणीच्या कागदांत आमचा जन्म गेला. सोयाबीन व कापूस ह्यांनीं ज्वारीचें रान घेतलेलें आम्हीं पाहिलें. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें भरडधान्य वर्ष म्हणून पाळलें. शेतकरी मात्र ज्वारी विकत आणतो! रब्बीची पेर तोंडावर आहे. प्रत्येकानें ‘परभणी मोती’सारख्या वाणाचा निदान अर्धा एकर घरासाठीं राखावा; दाणा लेकरांस, कडबा गुरांस.