पोवाडा आणि शिफारस

पोलादपूरजवळच्या उमरठला, तानाजी मालुसऱ्यांच्या स्मारकापाशी विद्यार्थ्यांना नेले की आम्ही पोवाड्यावर बोलतो. अतिशयोक्ती हा तेथे शाहिराचा हक्कच. शौर्यपदकाच्या शिफारशीला मात्र ती मुभा नाही. तेथे साक्ष हवी, शैली नव्हे.

महाडच्या उत्तरेस, माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांचेच पाहा. १० जुलै १९४४, इटलीतील टायबर नदीचे खोरे. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील इतर सारे ठार वा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले, हातबॉम्बने ती मशीनगन बंद पाडली. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, तेव्हा टॉमीगनच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केले आणि शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण पाहणाऱ्याने सांगितले नसते, तर 'कामी आले' एवढीच नोंद उरती.

म्हणून आमचा आग्रह असा : साक्ष विनाविलंब, साक्षीदाराच्याच भाषेत टिपावी. इंग्रजी भाषांतर सोबत जोडावे, मुळाच्या जागी नव्हे. बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन, सेना मुख्यालय, संरक्षण मंत्रालय ते राष्ट्रपती, अशा प्रवासात मूळ निवेदनाला कात्री लागू नये. परमवीर चक्राची शिफारस ज्या टेबलावर वीर चक्रापर्यंत उतरते, तेथे उतरवणाऱ्याने कारण लिहून सही करावी. गुप्ततेची ढाल पुढे येईलच. ठाण्याचा नकाशा खुशाल झाकावा. नकाराचे कारण झाकून कोणत्या सीमेचे रक्षण होते?

पाठचिकित्सा आम्ही वर्गात शिकवतो. मूळ संहिताच फाइलीतून गळाली, तर वीराच्या घरच्यांनी पडताळावे कशाशी?