भरवसा मोजणारी रेघ

हाडे ठिसूळ होण्याचा विकार, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस, पुष्कळदा हाड मोडल्यावरच लक्षात येतो. न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्त होते, खुब्याचे हाड मोडते आणि आजवर सारे घर चालविणाऱ्या गृहिणीला दुसऱ्याच्या हाताचा आधार घ्यावा लागतो. हाडांची घनता डेक्सा यंत्रावर मोजता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषानुसार टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असल्यास हा विकार मानतात. परंतु तो टाळण्यासाठी जे करावयाचे, ते आपल्या हातून होईल याचा त्या व्यक्तीला कितपत भरवसा आहे, हे कशावर मोजावे?

अमेरिकेत शुश्रूषाशास्त्राच्या अभ्यासक मेरी होरन, कॅथरीन किम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये त्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला स्व-क्षमतेचा विचार तिच्या मुळाशी आहे. प्रत्येक प्रश्नापुढे दहा सेंटिमीटरची आडवी रेघ असते. एका टोकाला ‘मुळीच खात्री नाही’, दुसऱ्या टोकाला ‘खूप खात्री’. उत्तर देणाऱ्याने रेघेवर फुली मारावयाची आणि तपासणाऱ्याने अंतर मिलिमीटरमध्ये मोजावयाचे. बारा प्रश्नांच्या आवृत्तीत सहा प्रश्न व्यायामाचे, सहा कॅल्शियमचे. नवा व्यायाम सुरू करता येईल का, अवघड वाटला तरी तो होईल का, कॅल्शियमयुक्त पदार्थ निवडता येतील का, ते खाण्याची आठवण राहील का, अशा स्वरूपाचे हे प्रश्न आहेत.

यातील खरी मेख अशी, की सल्ला ‘या आठवड्यात’ मिळाला आहे असे धरून उत्तर द्यावयाचे असते. ‘पुढेमागे देऊ’ आणि ‘शनिवारी देऊ’ यांतील अंतर व्यापाऱ्यास सांगावयास नको!

याच गटाने माहिती तपासणारी चाचणी आधीच तयार केली होती. तरीही भरवशाची निराळी मोजणी हवी होती, कारण दूध, तीळ, नाचणी यांचे गुण तोंडपाठ असलेली व्यक्तीही रोज अर्धा तास चालेलच असे नाही. आहाराच्या रेघेवर तिची फुली ऐंशी मिलिमीटरवर पडेल, व्यायामाच्या रेघेवर कदाचित वीसवर. दोहोंची सरासरी काढून पन्नास म्हणणे म्हणजे नफ्याच्या दुकानाआड तोट्याचे दुकान झाकणे होय. अशा व्यक्तीस कॅल्शियमवरील आणखी एक व्याख्यान ऐकविण्यात अर्थ नाही. बांडुरा यांच्या मते भरवसा सर्वाधिक वाढतो तो स्वतः काम पार पाडल्याने. आपल्यासारख्यांना ते करताना पाहिल्यानेही वाढतो. तेव्हा प्रथम दहाच मिनिटे, तीही शेजारणीच्या सोबतीने चालणे बरे.

अर्थात रेघेवरील फुली म्हणजे हाडाची घनता नव्हे. ज्यांचे हाड पूर्वी मोडले आहे, त्यांनी भरवसा कितीही असला तरी व्यायाम वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावा. आणि घनता वयपरत्वे पुरुषांचीही घटते. दिवसभर गादीवर बसणाऱ्या कर्त्या पुरुषापुढेही हा कागद ठेवण्यास हरकत नसावी.